रिब्लेटची खुर्ची : प्रकल्प नोंदी

२७ एप्रिल २०२४

खुर्ची घरी आली. आमच्या भागातल्या, म्हणजे अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्याच्या पूर्वेकडच्या, एका लहान स्की-डोंगरावरची जुनी दुहेरी लिफ्ट (फिरत्या दोराला टांगलेल्या दोघा-दोघांच्या खुर्च्यांतून स्कीवाल्यांना वर नेणारी) उतरवली आणि तिच्या खुर्च्या विकायला काढल्या. बहुतेकांना अंगणात झोपाळा करायचा होता. मलाही करायचाच आहे, पण ही लिफ्ट बांधली कुणी, हेही मला हवं होतं. विकायला बसलेल्या पोराला ते ठाऊक नव्हतं. "साठ-सत्तरच्या काळातली असेल," एवढंच म्हणाला.

हाती आलेला माल: दोन माणसांची खुर्ची, बसायला लाकडी पट्ट्या, पाठीलाही पट्ट्या, दोन्ही सीटच्या मधोमध वर जाणारी एकच पोलादी नळी, तिच्या वरच्या टोकाला बाक. पुढची दांडी नाही, पाय टेकायलाही काही नाही. दोघांनी धरल्याशिवाय उचलत नाही. आणि ज्यासाठी मी जास्तीचे पैसे मोजले ती वस्तू: दोराला धरणारी पकड, हातभर दोरासकट कापलेली. विकणाऱ्याच्या लेखी तो भंगार होता.

कामं ठरवली ती अशी. खुर्ची साफ करून पुन्हा टांगायची, नळी न कापता. लिफ्टचा कर्ता शोधायचा. आणि ते शोधता शोधता जुन्या लिफ्ट-कंपन्यांचा एक तक्ता तयार करायचा, कारण असा एखादा तक्ता हाताशी असता तर आज त्या रांगेत मला कुणाला विचारावं लागलं नसतं.

३० एप्रिल

मापं घेतली, फोटो काढले, नट-बोल्ट सुटे केले. दोन बोल्ट गंजून एकजीव झालेले, ते तेल पाजून ठेवलेत. पट्ट्यांपैकी तीन कुजल्या आहेत, बाकीच्या चालतील. कंपनीची पाटी, ओतीव अक्षरं, शिक्का, काहीच सापडलं नाही. एका बाजूला फक्त रंगाने लिहिलेला खुर्चीचा आकडा आहे.

नळीवर चार रंगांचे थर दिसतात. इतक्या जुन्या रंगात शिसं असायची शक्यता धरूनच चालायचं, म्हणून कोरडं घासणं बंद. रंग काढायचं रसायन, ओला कागद आणि तोंडाला चांगला मास्क.

५ मे

मधली नळी पाहून बरेच जण लगेच ‘रिब्लेट’ या लिफ्ट-कंपनीचं नाव घेतात. ते पुरेसं नाही. मध्यदांडीच्या दुहेरी खुर्च्या इतर कंपन्यांनीही केल्या. रचना स्वस्त, वजनाला हलकी, आणि ज्याने त्याने आपापल्या बाजूने बसायचं, आतल्या हाताने दांडी धरायची. शिवाय डोंगरवाले खुर्च्या बदलतात, एकीच्या दुसरीला लावतात. खुर्चीवरून कर्ता ओळखू पाहणं म्हणजे अंदाजच. पकड मात्र सहसा बदलत नाही, कारण ती दोराशी, चाकांशी, सगळ्या हिशोबाशी बांधलेली असते.

म्हणून आज पकड धुतली, आणि प्रश्न तिथेच सुटला. बहुतेक कंपन्यांची पकड म्हणजे दोराला बाहेरून चावणारा जबडा: दोन ओठ, एक बोल्ट, कधी स्प्रिंग. हिला जबडाच नाही. वेणीत फूल खोवावं तसा पोलादाचा चपटा तुकडा दोराच्या पेडांमधून आत गेलाय. त्या जागी दोराचा गाभा काढून टाकलेला असतो आणि त्याची जागा पकडीच्या पात्याने घेतलेली असते. दोर ताणला की पेड आवळतात आणि पकड आणखी घट्ट बसते. अशी दोरात घुसवलेली क्लिप ही स्पोकॅनच्या रिब्लेट ट्रामवे कंपनीची ओळख. माझी लिफ्ट रिब्लेटची. आता वाद नाही.

संध्याकाळी अप्पांना फोटो पाठवला. अप्पा साखर कारखान्यात फिटर होते, केन यार्डातल्या क्रेनचे वायर रोप बदलण्यात त्यांचं आयुष्य गेलं. लगेच फोन आला.

"अरे, हे दोराच्या पोटात घातलंय?"

"हो अप्पा."

"मग आतली तार तुटली तर बाहेरून दिसणार कशी?"

पन्नास वर्षं या क्लिपवर हाच आक्षेप घेतला जातोय. त्याला कंपनीचं उत्तर असं की ठरावीक काळाने प्रत्येक क्लिप काढायची, दोर तपासायचा आणि क्लिप थोडी पुढे सरकवून पुन्हा घालायची. जबड्याच्या पकडीही अशाच सरकवाव्या लागतात, नाहीतर दोर एकाच जागी झिजतो. फरक एवढाच की जबडा पान्याने सुटतो आणि इथे प्रत्येक वेळी दोर उघडावा लागतो. अप्पांना ते पटलं नाही. "माणसं लटकलेली असताना दोराचं पोट रिकामं करायचं नाही," असं म्हणून त्यांनी विषय मिटवला.

फायदा काय, तर क्लिप दोराच्या जाडीतच बसते. खांबावरच्या चाकांवरून जाताना जबड्याचा जो धक्का बसतो तो इथे फार कमी. रिब्लेटच्या लिफ्टवर बसलेली माणसं तिचा गुळगुळीतपणा अजून सांगतात.

११ मे

तक्त्याची सुरुवात. पहिली ओळ सन व्हॅली, आयडाहो, १९३६.

युनियन पॅसिफिक रेल्वेचा अध्यक्ष अ‍ॅव्हरेल हॅरिमन याला आपल्या गाड्यांना हिवाळ्यात प्रवासी हवे होते, म्हणून त्याने स्कीचं गावच वसवायचं ठरवलं. डोंगरावर माणसं न्यायची कशी, हा प्रश्न ओमाहामधल्या रेल्वेच्या अभियंत्यांकडे आला. त्यांच्यातला जेम्स करन आधी एका पोलाद कंपनीत होता. तिथे त्याने होंडुरासमध्ये केळीचे घड जहाजावर चढवणाऱ्या फिरत्या दोराचं काम केलेलं होतं. त्याने हुकांच्या जागी कागदावर खुर्च्या काढल्या. वरिष्ठांना ते धोक्याचं वाटलं, पण सल्लागार म्हणून आलेला स्कीपटू चार्ली प्रॉक्टर याला तेच चित्र आवडलं.

पुढची गोष्ट मला सगळ्यांत आवडते. ओमाहात उन्हाळा, बर्फाचा पत्ता नाही. ट्रकच्या बाजूला खुर्ची बांधली आणि स्की घातलेली माणसं पेंढ्यावर उभी करून चालत्या ट्रकने उचलून पाहिली. पेंढ्यावर स्की नीट सरकेनात, मग रोलर स्केट घालून उभी केली. ताशी चार-पाच मैलांपर्यंत माणूस बिनधोक उचलला जातो, हे असं ठरलं. आजही दोराला कायम जखडलेल्या खुर्च्यांच्या, जुन्या पद्धतीच्या लिफ्ट स्कीवाल्यांना सेकंदाला साधारण सव्वादोन ते अडीच मीटर वेगानेच उचलतात, म्हणजे ट्रकच्या त्या आकड्याच्या फार पुढे गेलेल्या नाहीत.

बांधणी अमेरिकन स्टील अँड वायर या कंपनीची, म्हणजे यू. एस. स्टीलच्या शाखेची. यांचा मूळ धंदा तार आणि दोर, त्यामुळे लिफ्ट हे त्यांच्या दोराला मिळालेलं आणखी एक गिऱ्हाईक. सन व्हॅलीनंतर न्यू हॅम्पशायरमधलं बेल्कनॅप, व्हरमाँटमधलं स्टो, मग मॅड रिव्हर ग्लेन. सगळ्या एकेरी खुर्च्या. सन व्हॅलीतल्या रूड डोंगरावरचे त्या काळातले खांब अजून उभे आहेत.

१८ मे

रंग उतरवला. वरून खाली: तपकिरी, पिवळा, हिरवा, पुन्हा हिरवा. मूळ हिरवा जपून ठेवलेल्या चकतीवरून दुकानात रंग जुळवून घेतला. गंज वरवरचाच होता, नळीच्या बाकापाशी मात्र वेल्डिंगजवळ एक बारीक रेघ दिसतेय. ती तडा आहे की रंगाची चीर, हे भिंगातून कळेना. भेग दाखवणारं रंगद्रव्य फवारून पाहिल्यावरच पुढे.

१९ मे

रंगद्रव्य फवारलं. चीर रंगाचीच निघाली. प्रायमरचा पहिला हात दिला.

२५ मे

रिब्लेटची ओळ. ही लांबणार.

बायरन रिब्लेट स्थापत्य अभियंता. १८९० च्या दशकात ब्रिटिश कोलंबियातल्या कूटनी भागात चांदीच्या खाणी निघाल्या. खाण डोंगराच्या माथ्यावर आणि रेल्वे खाली दरीत, मधे रस्ता करणं परवडणारं नाही. सँडनजवळच्या नोबल फाइव्ह खाणीसाठी त्याने तारमार्ग बांधला आणि तोच पुढे धंदा झाला. खनिजाने भरलेल्या बादल्या उताराने खाली येतात आणि त्यांच्याच वजनाने रिकाम्या वर जातात. इंजिनाचं काम फारसं उरत नाही, सगळा खेळ दोराचा आणि पकडीचा.

खाणवाल्या तारमार्गाचा आणि स्की-लिफ्टचा उलटा हिशोब लक्षात घेण्यासारखा आहे. तिथे भार खाली येतो, इथे भार वर जातो आणि खुर्च्या रिकाम्या उतरतात. म्हणजे लिफ्टला मोटर लागते आणि वीज गेली की भरलेली बाजू स्वतःच्या वजनाने मागे घसरू पाहते. उलटं फिरणं रोखणारा ब्रेक जुन्या लिफ्टवर म्हणूनच इतका महत्त्वाचा. पण दोर, खांबांवरची चाकं, दोन टोकांची मोठी चाकं, ताण राखणारं काँक्रीटचं वजन, हे सगळं खाणीतून जसंच्या तसं डोंगरावर आलं. रिब्लेटला नवं शिकायचं फार थोडं होतं. दोराचे पेड उघडून त्यात पोलाद घालायची कल्पना ज्याला भीती न वाटता सुचते, तो माणूस दोराबरोबर अर्धं आयुष्य काढलेलाच असणार. हे माझं मत. अप्पांनीही अर्धं आयुष्य दोराबरोबर काढलंय आणि त्यांचं मत उलट आहे, तेही इथे नोंदवून ठेवतो.

कंपनीची पहिली गाजलेली चेअरलिफ्ट ओरेगनमधल्या माउंट हुडवरची ‘मॅजिक माइल’, १९३९. पोलादी खांबांवर उभी राहिलेली पहिली चेअरलिफ्ट म्हणून ती ओळखली जाते. युद्धानंतर स्कीचं वेड पसरलं आणि रिब्लेटने एकामागून एक डोंगर घेतले. एकेकाळी चेअरलिफ्ट बांधण्यात जगात तीच पुढे होती, चारशेच्या आसपास लिफ्ट तिच्या नावावर आहेत.

भाऊ रॉयल हे वेगळंच प्रकरण. स्पोकॅनजवळच्या कड्यावर त्याने बंगला बांधला आणि खाली उतरायला नदीवरून स्वतःचा तारमार्ग टाकला. पुढे बायरनने त्याला कंपनीतून काढलं. बंगला अजून आहे, तिथे आता वाइनरी आहे. घरगुती भांडणाची नोंद तक्त्यात कशाला, असं बायको म्हणाली. नोंद ठेवली.

२ जून

दोराचा प्रयोग. भंगारवाल्याकडून सहा पेडांचा जुना वायर रोप आणला आणि पात्याच्या मापाची पोलादी पट्टी कापली. दोर शिकंज्यात धरून पिळाच्या उलट फिरवला, दोन पेडांत टोच्या घालून फट केली, गाभा कापून काढला, पट्टी सरकवली, सोडला. पेड आपणहून बसले. ताण नसताना पट्टी हाताने हलते. ट्रकच्या मागच्या हुकाला आणि झाडाला बांधून चेन-पुलीने ताण दिला तेव्हा हातोडीने मारूनही हलेना. वाचून पटलं नव्हतं ते इथे पटलं.

यातून अंगणातल्या कामाला एक अट आली. ही क्लिप ताणलेल्या दोराशिवाय काहीच धरत नाही. जबड्याची पकड असती तर नळीला आवळून खुर्ची टांगता आली असती. इथे टांगण्यासाठी वेगळा कंस करावा लागेल, खरी क्लिप नुसती दाखवायला.

दोराबद्दल एक जाता जाता. लिफ्टचा दोर म्हणजे एक अखंड वेढा, दोन टोकं जोडून केलेला. गाठ नाही, क्लॅम्प नाही. टोकांचे पेड एकमेकांत विणून सांधा करतात आणि त्याची लांबी दोराच्या जाडीच्या किमान १२०० पट ठेवतात. २८ मिलिमीटरचा दोर असेल तर ३३ मीटरच्या वर नुसता सांधा. चांगला विणलेला सांधा डोळ्यांना सापडत नाही. तो विणणारे लोक मोजकेच असतात आणि उन्हाळाभर या डोंगरावरून त्या डोंगरावर फिरत असतात.

१५ जून

प्रायमरचा दुसरा हात झाला, वाळेपर्यंत तक्ता.

हेरॉन, डेन्व्हर. रॉबर्ट हेरॉन युद्धकाळात सैन्याच्या दहाव्या माउंटन डिव्हिजनसाठी उचलून नेता येणारे तारमार्ग करत होता. युद्ध संपल्यावर तेच ज्ञान कोलोरॅडोच्या डोंगरांवर. अ‍ॅस्पेनची लिफ्ट क्रमांक एक, १९४७ साली जगातली सर्वांत लांब म्हणून गाजलेली, तिच्यात त्याचा हात होता. पहिली दुहेरी खुर्ची कुणाची, यावर कोलोरॅडोतला बर्थूड पास आणि आमचा माउंट स्पोकॅन असे दोन दावे आहेत. स्पोकॅनचा दावा खाणीचा तारमार्ग बदलून केलेल्या लिफ्टवर आहे. मी स्पोकॅनला राहतो, तेव्हा माझा कौल धरू नये.

हॉल, वॉटरटाउन, न्यूयॉर्क. पूर्वेकडच्या लहान डोंगरांवर जिकडेतिकडे. बोर्विग, तीही न्यूयॉर्क राज्यातली, तशीच स्वस्त आणि मस्त. स्टॅडेली ओरेगनची. या तिघींवर लिहायला मजकूर कमी, पण त्यांच्याशिवाय गावोगावच्या टेकड्यांवर लिफ्ट उभ्याच राहिल्या नसत्या.

थायोकॉल, यूटा. रॉकेटचं घन इंधन करणारी कंपनी सत्तरीत स्की-लिफ्ट आणि बर्फावरच्या गाड्याही करत होती. गाड्यांचा धंदा मोटारवाल्या जॉन डिलोरियनने घेतला. लिफ्टचा भाग कंपनीतल्याच लोकांनी सीटेक नावाने चालू ठेवला. १९८६ साली चॅलेंजर अवकाशयान फुटलं तेव्हा ज्याच्या रिंगांची चर्चा झाली ते बूस्टर याच थायोकॉलचे. लिफ्टचा त्याच्याशी संबंध नाही, पण थायोकॉलची जुनी लिफ्ट दिसली की ते आठवल्याशिवाय राहत नाही.

यान. हिच्यावर थांबायला हवं. पोलंडहून आलेला यानेक कुन्झिन्स्की, नेवाडातली लिफ्ट इंजिनिअरिंग ही कंपनी, लिफ्टवर नाव ‘यान’. जुन्या लिफ्ट आवडणाऱ्यांना याचं बाह्यरूप फार आवडतं: सुटसुटीत खांब, टोकाची स्टेशनं देखणी आणि किंमत इतरांपेक्षा कमी. डोंगरवाल्यांनी भराभर घेतल्या. १४ डिसेंबर १९८५ रोजी कोलोरॅडोतल्या कीस्टोनवर वरच्या टोकाचं मोठं चाक निखळलं. दोष वेल्डिंगचा होता. दोघांचा जीव गेला, पन्नासच्या आसपास जखमी झाले. त्यानंतर यानने स्टेशनमध्ये दोर सोडून हळू होणाऱ्या, म्हणजे डिटॅचेबल, वेगवान खुर्च्या केल्या. त्यांच्या पकडीत पोलादी स्प्रिंगऐवजी रबराचे ठोकळे होते. २३ डिसेंबर १९९५ ला कॅनडातल्या व्हिस्लरवर अशी एक लिफ्ट अचानक थांबवली गेली, एक खुर्ची दोरावरून घसरत दुसरीवर आदळली, पाठोपाठच्या आणखी काही तशाच, आणि त्यातल्या काही खाली पडल्या. पुन्हा दोन मृत्यू. पुढच्याच वर्षी कंपनी दिवाळखोरीत. त्या वेगवान लिफ्ट बहुतेक ठिकाणी दुसऱ्या कंपन्यांकडून बदलून घेतल्या गेल्या.

पण यानच्या साध्या, न सुटणाऱ्या पकडीच्या लिफ्ट आजही कित्येक ठिकाणी रोज चालतात, नीट देखभाल करून. एकाच माणसाच्या कारखान्यातून दोन्ही निघालं. साधं यंत्र स्वस्तात करता येतं. गुंतागुंतीचं यंत्र स्वस्तात करायला गेलं की काटकसर नेमकी पकडीत शिरते, आणि पकडीत चूक खपत नाही.

६ जुलै

टिंबरलाइन, माउंट हुड. सुट्टी जोडून आलो. इथे उन्हाळ्यातही वर स्की चालतं, त्यामुळे जुलैत लिफ्ट चालू सापडते.

खालचं लॉज मंदीच्या काळात सरकारी रोजगार योजनेतून बांधलेलं. १९३७ साली रूझवेल्ट उद्घाटनाला आले होते. मॅजिक माइलची मूळ रिब्लेट लिफ्ट कधीच गेली, आजची तिसऱ्या पिढीतली. पण मूळ लिफ्टचं वरचं टोक शिल्लक आहे: सिल्कॉक्स हट, दगड आणि जाड लाकडांची बुटकी इमारत. वरचं स्टेशन आणि थंडीत ऊब घ्यायची जागा एकाच छपराखाली होती. आता तिथे गट करून मुक्काम करता येतो.

इमारतीच्या खालच्या अंगाला उभं राहून दोर कुठून आत येत असेल याची रेघ डोळ्यांनी लावून पाहिली. ही उंची ७००० फुटांच्या आसपास, झाडांच्या वर. इथल्या वादळात लाकडी खांब किती टिकले असते, हे जागेवर उभं राहिल्यावर विचारावंही लागत नाही. पोलादी खांब ही हौस नव्हती.

मुलगा नव्या लिफ्टवर बसून म्हणाला, "बाबा, आपल्या खुर्चीला मधे दांडी का?" म्हटलं, तू आणि ताई भांडू नयेत म्हणून.

२० जुलै

पट्ट्या बसवल्या. कुजलेल्या तीन नव्या ओकच्या, बाकी जुन्या, सगळ्यांना तेल.

तक्त्याचा युरोपचा भाग. तिकडे उगमच वेगळा. एर्न्स्ट कॉन्स्टाम याने १९३४ च्या नाताळाच्या आदल्या दिवशी दावोसला उभं राहून ओढत नेणारी लिफ्ट चालू केली. ज्याँ पोमागाल्स्की याने १९३६ ला फ्रान्समधल्या आल्प द्यूएझला थाळीवजा बैठकीची. त्यातून पोमा कंपनी झाली. डोपलमायरची पहिली ओढ-लिफ्ट १९३७, ऑस्ट्रियातल्या त्स्यूर्सला. म्हणजे आज जे दोन मोठे आहेत त्यांची सुरुवात खुर्चीने झालीच नाही. चेक प्रदेशातल्या पुस्तेव्हनीची १९४० ची खुर्ची-लिफ्ट युरोपातली पहिली म्हणून सांगतात.

आणि स्वित्झर्लंडची फॉन रोल. १९४५ साली फ्लिम्सला त्यांनी अशी लिफ्ट केली की स्टेशनात आल्यावर खुर्ची दोर सोडते, माणूस थांबलेल्या खुर्चीत निवांत बसतो आणि खुर्ची पुन्हा दोर धरते. बसायचं प्रवासाच्या दिशेला नव्हे तर आडवं, दरीकडे तोंड करून. व्हीआर-१०१ हे त्या पद्धतीचं नाव. १९५६ ला डिस्नेलँडमध्ये आकाशमार्गी डबे आले तेही फॉन रोलचे. चेक-पोलिश सीमेवरच्या स्नेझ्कावर अशीच आडव्या बसणीची लिफ्ट १९४९ ते २०१२ चालली. सोलोथुर्नजवळच्या वाइसेनश्टाइनवरची १९५० ची लिफ्ट २००९ ला थांबवली. ती वारसा म्हणून ठेवावी की तिथे बंद डबे आणावेत, यावर कोर्टकचेरी झाली. डबे जिंकले, २०१४ पासून तेच चालतात. माझं मत लिफ्टच्या बाजूने, पण पाय अधू असलेल्या आजीला डोंगरावर नेणाऱ्याने ते ऐकून घ्यावं असा आग्रह नाही.

अप्पांना आडव्या खुर्चीचा फोटो पाठवला तर म्हणाले, "मी बसलोय असल्या एकट्याच्या खुर्चीत. राजगीरला." खरंच की. बिहारमधल्या राजगीरच्या विश्वशांती स्तूपाकडे जाणारा एकेरी खुर्च्यांचा रोपवे, आपल्याकडून बौद्धगयेला जाणाऱ्या कितीतरी यात्रेकरूंनी त्यात पाय लोंबकळत ठेवलेले आहेत. तिथे आडवं नाही, समोर तोंड करून बसतात, म्हणजे जात सन व्हॅलीची. गुलमर्गचा गोंडोला मात्र पोमाचा. रायगडाचा पाळणा या तक्त्यात येत नाही. तिथे दोर सतत एका दिशेने फिरत नाही, डबे वरखाली ये-जा करतात.

३ ऑगस्ट

सांगाडा. नळी कापायची नाही म्हटल्यावर उंची वाढली. बाजारात मिळणारे झोपाळ्याचे सांगाडे पुरत नाहीत. सहा इंची चौकोनी लाकडी खांब, दोन्ही टोकांना इंग्रजी ‘ए’सारखे पाय, वर पोलादी आडवा गर्डर. खांबांचे पाय काँक्रीटमध्ये, गोठणाऱ्या मातीच्या पातळीच्या खाली.

टांगण्याच्या कंसात एकच खीळ ठेवलीय, पुढे-मागे डोलण्यासाठी. खऱ्या लिफ्टवरही खुर्ची तशीच डोलते, म्हणून चढ कितीही असो, बसणारा सरळ राहतो. एकट्याने बसलं की मध्यदांडीची खुर्ची त्याच्या बाजूला कलते. लिफ्टवरही कलते. शेजारचे निवृत्त लिफ्ट मेकॅनिक ते पाहून हसले. म्हणाले, एकट्याने मध्यदांडीवर बसायचं तर दांडीला खेटून बसायचं, कडेला नाही, हे पोरांना सांगून सांगून घसा बसायचा.

त्यांनी आणखी एक सांगितलं ते लिहून ठेवतो. जुन्या लिफ्टच्या खांबांवर चाकांशेजारी एक ठिसूळ कांडी बसवलेली असते आणि तिच्यातून वीज जात असते. दोर चाकावरून उतरला तर तो कांडी मोडतो, वीज तुटते आणि लिफ्ट आपोआप थांबते. कांडी स्वस्त, मोडण्यासाठीच केलेली. थंडीत एखादी उगाच तडकली की लिफ्ट थांबलेली, रांग ओरडत असलेली आणि हे काठीने बर्फ झाडत खांबाखांबावर चढून मोडलेली कांडी शोधत असत.

१७ ऑगस्ट

हिरव्या रंगाचे दोन हात झाले. खुर्ची चढवली. आधी वाळूच्या गोण्या, दोन मोठ्या माणसांच्या दुप्पट वजन, रात्रभर. सकाळी कंस, खीळ, वेल्डिंग तपासलं. काही वाकलं नाही. मग एका सीटवर गोण्या आणि दुसरी मोकळी. कलली, पण गर्डरला घासत नाही, बोटभर जागा उरते. आकडा मूळ होता तिथेच, त्याच वळणाचा रंगवला.

७ सप्टेंबर

तक्त्याचा शेवटचा रकाना: कंपनी कुठे गेली.

हॉल ऐंशीच्या दशकात फॉन रोलकडे गेली. फॉन रोलचा रोपवे विभाग १९९६ ला डोपलमायरने घेतला. थायोकॉलची सीटेक, सीटेकची गाराव्हेंटाशी जोडी, आणि २००२ ला गाराव्हेंटा डोपलमायरमध्ये. हेरॉन पोमाशी जोडली गेली, पोमा आज इटलीच्या लाइटनरच्या गटात. सॉल्ट लेक सिटीत अलीकडे निघालेली स्कायट्रॅकही २०१६ पासून त्याच गटात. वेगवेगळ्या ओळी रकान्याच्या शेवटी दोनच नावांत मिळतात. याला कारण डिटॅचेबल पकड. १९८१ ला डोपलमायरने कोलोरॅडोतल्या ब्रेकनरिजवर चौघांची सुटणारी खुर्ची आणली. जुनीच्या जवळजवळ दुप्पट वेग. त्यानंतर मोठ्या डोंगरांना दुसरं काही नको झालं, आणि तशी पकड करायला जो पैसा आणि चाचण्या लागतात त्या डेन्व्हर किंवा वॉटरटाउनच्या कारखान्यांच्या आवाक्यात नव्हत्या.

रिब्लेटच्या रकान्यात कुणाचंच नाव नाही. ती त्या शर्यतीत उतरली नाही, कुणाला विकलीही गेली नाही. २००३ ला बंद झाली. तरीही माउंट स्पोकॅनवर तिच्या लिफ्ट चालतात. क्लिप अजून सरकवल्या जातात, म्हणजे दोर उघडता येणारी माणसं अजून आहेत.

जुन्यांपैकी जपून ठेवलेली सर्वांत ठसठशीत एकेरी खुर्ची व्हरमाँटमधल्या मॅड रिव्हर ग्लेनची, १९४८ ची. हा डोंगर १९९५ पासून स्की करणाऱ्यांच्याच सहकारी संस्थेच्या मालकीचा आहे. सहकार म्हटल्यावर अप्पांनी कान टवकारले. लिफ्ट थकली तेव्हा भागधारकांपुढे प्रश्न होता: दुहेरी करायची की आहे तीच नव्याने उभी करायची. त्यांनी एकेरी ठेवली. २००७ ला खांब उतरवून, घासून, रंगवून नव्या पायांवर पुन्हा उभे केले. काम केलं डोपलमायर सीटेकने, म्हणजे अमेरिकन स्टील अँड वायरची लिफ्ट शेवटी त्याच दोन नावांपैकी एकाच्या हातून वाचली. एकेरीमुळे वर गर्दी होत नाही आणि उतारावरचं बर्फ टिकतं, हे त्यांचं व्यावहारिक कारण होतं. अप्पांनी विचारलं, "सभेत भांडणं झाली असतील ना?" झालीच असतील.

दुसरी अलास्कातल्या कॉर्डोव्हा गावची. सन व्हॅलीत १९३९ साली बसवलेली एकेरी लिफ्ट तिथून निघून १९७४ ला या मासेमारीच्या गावात आली आणि गावकरीच ती चालवतात. तिथे रस्ता जात नाही, बोटीने किंवा विमानानेच जावं लागतं. म्हणजे लिफ्टही समुद्रमार्गेच गेली असणार.

बाकी कामं: सांगाड्याच्या बोल्टांना पहिली थंडी पडण्याआधी पुन्हा पाना. खिळीत ग्रीस. क्लिप आणि हातभर दोर गॅरेजच्या फळीवर ठेवलाय, तेलाचा हात देऊन. शेजारच्या मेकॅनिकनी हॉलची एक जबड्याची पकड देऊ केलीय, ती आली की दोन्ही शेजारी ठेवून फोटो काढायचे आणि तक्त्यात लावायचे.